खड्ड्याआधीचा भराव

ड्रमकॉन, फर्मॅना
१७ जानेवारी २०१९

प्रिय ताई,

नाताळचा केक पोहोचला. बाबांनी तीन दिवसांत संपवला आणि चौथ्या दिवशी विचारलं, "नोरीननं यंदा केक पाठवला नाही का?" तेव्हा केक उत्तम झाला होता असं समज.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे, आणि त्यांच्याविषयीचं त्यांच्यासमोर बोलणं मला जमत नाही. शिवाय आईची सवय मोडवत नाही. तू इंग्लंडात स्टोकला गेलीस तेव्हापासून ती दर महिन्याला तुला लिहायची, आता मी लिहितो.

मंगळवारी लंडनच्या संसदेतलं मतदान बाबांनी सबंध पाहिलं. हल्ली दिवसभर तेच लावून बसतात. आकडा आला, युरोपातून बाहेर पडायच्या करारावर दोनशे दोन हो आणि चारशे बत्तीस नाही. बाबा म्हणाले, "मग हो कशाला म्हणाले?"

"कशालाच नाही, बाबा."

"म्हणजे पुलावरचा रस्ता उघडा की बंद?"

"उघडा आहे की."

"आज उघडा आहे. मी आजचं विचारलं नाही."

विसरभोळ्या माणसाचा प्रश्न होता, पण त्याचं उत्तर अख्ख्या संसदेला देता येत नाही.

आता खरी काळजी सांगतो. क्लॉनकीच्या चर्चशेजारी म्हाताऱ्यांचं दिवसघर आहे ना, तिथली छोटी बस आठवड्यातले पाचही दिवस बाबांना नऊ वाजता नेते आणि साडेतीनला आणून सोडते. त्या साडेसहा तासांवर माझी शाळेतली शिपायाची नोकरी उभी आहे आणि बाबांचं घरी राहणंही. पण क्लॉनकी ओढ्यापलीकडे, म्हणजे दुसऱ्या देशात, आयर्लंडमध्ये. आपण ब्रिटनबरोबर २९ मार्चला युरोपातून बाहेर पडणार, ते आतच राहणार. तिथल्या मिसेस ट्रेनर परवा म्हणाल्या, "मॅलकी, २९ मार्चनंतर माझ्या बसला तुमच्या बाजूला यायला विम्याचा वेगळा कागद लागेल. कुठला, ते विमावाल्यांना माहीत नाही. त्यांना लंडननं सांगितलं नाही, आणि लंडनला स्वतःलाच ठाऊक नाही."

बस बंद झाली तर बाबांना चाळीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. तिथे ते उन्हाळा पाहणार नाहीत, हे मी देवासमोर बसून विचार करून लिहितोय.

तुझ्या नवऱ्याला, क्लाइव्हला विचार, जनमत घेतलं तेव्हा "बाहेर"पुढे फुली मारताना त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं. मी रागानं विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

तुझा,
मॅलकी

---

स्टोक
२९ जानेवारी २०१९

प्रिय मॅलकी,

क्लाइव्हला काही विचारलं नाही. विचारणारही नाही. त्याची छाती थंडीत भरते; चिनीमातीच्या भट्टीपाशी सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. त्याच्यावर राग काढू नकोस. झालं ते झालं.

इथे सगळे चिडलेले आहेत, पण प्रत्येकाची चीड वेगळी. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच बायका. बटाटे सोलता सोलता मॉरीन म्हणते, "बाहेर म्हणजे बाहेर. साधा शब्द आहे. मी नवऱ्याला बाहेर हो म्हटलं तर तो दोन वर्षं दारात उभा राहून चर्चा करत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ती मला म्हणाली, "तुमच्या त्या सीमेचंच काय ते अडलंय म्हणे. आहे तरी कुठे ती सीमा?" मी म्हटलं, "आमच्या घरापासून चारशे पावलांवर. एक ओढा आहे, त्यावर पूल." ती म्हणाली, "आणि पुलावर काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "मग अडलंय काय?"

मला तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. बटाटे संपवायचे होते.

बाबांना इकडे आणू का? मागची छोटी खोली रिकामी आहे. तू एकट्यानं किती ओढणार आहेस? तुलाही पन्नाशी येईल आता. आश्रमात ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे, आईसुद्धा हेच म्हणाली असती. विचार कर, लगेच नाही म्हणू नकोस.

ती २९ तारीख येईल असं मला वाटत नाही. काहीतरी करतील. एवढी शिकलेली माणसं आहेत.

तुझी,
नोरीन

---

ड्रमकॉन
२४ फेब्रुवारी २०१९

प्रिय ताई,

मी लगेच नाही म्हणालो नाही, चार आठवडे थांबून म्हणतोय. बाबांना स्टोकला नेलं तर ते रोज दार उघडून ओढा शोधतील.

इथे एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. पंधरा दिवसांपूर्वी शाळेतून आलो तर बाबा घरी नव्हते. बसनं वेळेवर सोडलं होतं. पुलाकडे गेलो. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला बाबा हातगाडी लावून उभे, आणि समोर दगडांचा गुडघाभर ढीग. शेताच्या पडक्या बांधाचे दगड एकेक करून आणलेले. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"भराव."

"कशाचा?"

"खड्ड्याचा."

"खड्डा कुठे आहे, बाबा?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू माझंच डोकं गेलंय. "पडेल ना," म्हणाले.

तुला आठवतंय सगळं. एक्याऐंशी साली मी बारा वर्षांचा होतो, तू पंधराची. बंदूकवाले पलीकडून येऊ नयेत म्हणून शनिवारी ब्रिटिश सैन्य यायचं, सुरुंग लावून रस्ता उडवायचं आणि जायचं. रविवारी मिस्सा संपली की बाबा चर्चच्या पायरीवर उभे राहून म्हणायचे, "फावडी आहेत का?" एवढंच. दोन्ही बाजूंची माणसं चांगल्या कपड्यांनिशी यायची, कोट कुंपणावर टांगायची आणि खड्डा बुजवायची. तू चहाचा थर्मास आणि आईचे पाव घेऊन यायचीस. सात वेळा त्यांनी उडवला, सात वेळा आपण बुजवला. बाबांनी आयुष्यात कधी भाषण केलं नाही, कधी कोणाच्या पक्षात गेले नाहीत. तेवढी एकच गोष्ट केली. आता डोक्यातलं बाकी सगळं पुसत चाललंय आणि तीच उरली आहे. टीव्हीवर "सीमा" म्हटलं की उठतात आणि बूट शोधतात.

गेल्या आठवड्यात आणखी एक झालं. मी त्यांना आणायला गेलो तेव्हा विल्बर्ट ग्रॅहम ट्रॅक्टर थांबवून उतरला होता. विल्बर्ट त्या वेळी अर्धवेळ सैनिक होता हे विसरू नकोस. सुरुंग लावताना बंदूक घेऊन पुलावर जे पहारा द्यायचे, त्यांत तो होता, चोवीस वर्षांचा. चर्च त्याचं वेगळं, झेंडा वेगळा. चाळीस वर्षं आपल्यात आणि त्याच्यात हवामानाशिवाय बोलणं नाही.

तो ढिगाकडे पाहून म्हणाला, "पॅकी, खड्ड्याआधीच भराव घालायला लागलास?"

बाबा म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही आधी आलात. या वेळी मी."

मला वाटलं, आता काय होतंय. विल्बर्टनं टोपी मागे सारली, थोडा वेळ ओढ्याकडे पाहिलं. मग ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि ढिगावर ठेवला. "हा खालच्या बाजूला चांगला बसेल," म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून येणारे-जाणारे एखादा दगड टाकून जातात. पोस्टमन टाकतो. पलीकडची दूधगाडी थांबते. चेष्टा म्हणून नव्हे, असं मला वाटतं. लोकांना दुसरं काही करण्यासारखं दिसत नाही.

बसचं अजून ठरलेलं नाही. मिसेस ट्रेनरना दर सोमवारी विचारतो. त्या म्हणतात, "मतदानानंतर." मी विचारतो, "कुठल्या?" त्या म्हणतात, "पुढच्या."

मॅलकी

---

स्टोक
१४ मार्च २०१९

प्रिय मॅलकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. विल्बर्टचा भाग क्लाइव्हला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाला, "म्हाताऱ्याला हातमोजे आहेत का?" या पार्सलात आहेत. भट्टीवर वापरायचे तसले जाड चामड्याचे, त्याचे स्वतःचे.

बाबा खरंच घाबरलेत का रे? की नुसतं काम मिळालं म्हणून खूश आहेत? मला खरं सांग. मला हे कळायला हवं.

मंगळवारी पुन्हा नाही म्हणाले. काल म्हणाले कराराशिवायही जायचं नाही. करारानं नाही आणि कराराशिवायही नाही. मॉरीननं आज कांद्यांची पिशवी ओट्यावर आपटली आणि म्हणाली, "यांच्यापेक्षा आमची पहिलीतली पोरं बरी. रांगेत उभं राहायला सांगितलं तर निदान कुठल्या तरी बाजूला तोंड करतात." या वेळी कोणी हसलं नाही.

रात्रभर झोप लागत नाही. मी ईस्टरला येते. दोन आठवडे राहीन. तोवर बस चालू राहील एवढं बघ.

नोरीन

---

ड्रमकॉन
२८ मार्च २०१९

प्रिय ताई,

हातमोजे आले. बाबा जेवतानाही काढत नाहीत. क्लाइव्हला आभार कळव. मनापासून म्हणतो असं लिहिलं असतं, पण खोटं लिहिणार नाही. हातमोजे चांगले आहेत.

तू विचारलंस ते घाबरलेत का. सकाळी घाबरलेले असतात. ढिगाजवळ गेले की शांत होतात. जपमाळ ओढताना माणसाचं होतं तसं.

काल संसदेसमोर आठ पर्याय ठेवले होते म्हणे. हे हवं का, ते हवं का, असे आठ. आठांनाही नाही. बाबा बोटांवर मोजत होते. शेवटी म्हणाले, "सहाशे माणसं आहेत तिथे. त्यांतल्या एकाकडेही फावडं नाही."

आता बसचं. तारीख पुढे गेली, उद्याची ती १२ एप्रिल झाली, पण विमावाल्यांचं पत्र २९ मार्चपर्यंतचंच आहे. नवीन पत्र द्यायला ते तयार नाहीत, कारण १२ ला काय होणार हे कोणी लिहून देत नाही. मिसेस ट्रेनरच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "मला आत म्हणा, बाहेर म्हणा, काहीही म्हणा, मी त्याप्रमाणे कागद करीन. पण काहीच म्हणत नाहीत त्याचा कागद कसा करू?" सोमवारपासून आपल्या बाजूच्या चार म्हाताऱ्यांना बस नाही. ड्रायव्हर घाबरून म्हणतो, पुलावर काही झालं तर माझं लायसन्स जाईल.

मी शाळेत रजा मागितली. आठवड्याची मिळेना, दोन शिपाई आजारी आहेत. सकाळी जाऊन अकराला एकदा आणि एकला एकदा घरी येऊन बघीन. मधल्या दोन-दोन तासांचा प्रश्न आहे. विल्बर्ट म्हणाला तोही चक्कर मारेल, पण त्याच्या मेंढ्या व्यायला आल्यात.

फावडं आणि हातगाडी गोठ्यात कुलूप लावून ठेवली. घराच्या दाराला कुलूप लावावं का, हे दोन दिवस ठरवतोय. काल चर्चमध्ये बसून विचार केला. ज्या माणसानं सात वेळा रस्ता उघडला, त्याला मी घरात कोंडायचं? आत कोंडलं तर चुलीशी काही करतील, खिडकी फोडतील. न कोंडावं तर रस्ता. दोन्ही बाजूंनी माझंही उत्तर "नाही"च येतं, संसदेसारखं. मी कोणाला हसतोय?

मॅलकी

---

स्टोक
२ एप्रिल २०१९

मॅलकी,

पत्र आत्ताच वाचलं. फोन केला तर बाबांनीच उचलला आणि म्हणाले, "नोरीन, थर्मास आण." मग ठेवून दिला.

दार लाव. माझं ऐक, दार लाव. चूल बंद कर, खिडक्यांना फळ्या मार, काय करायचं ते कर, पण त्यांना बाहेर जाऊ देऊ नकोस. मी शाळेत सुट्टी मागितली आहे, सोमवारी बोटीनं येते. एवढे पाच-सहा दिवस दार लाव.

नोरीन

---

ड्रमकॉन
झावळ्यांचा रविवार, १४ एप्रिल २०१९

प्रिय ताई,

तू बुधवारी गेलीस तेव्हापासून घर फार मोठं वाटतं. तुझ्याशी त्या चार दिवसांत नीट बोलणं झालं नाही. घरात सतत माणसं, चहा, सँडविच, हस्तांदोलनं. म्हणून लिहितो. जे बोललो नाही ते सगळं लिहितो.

तुझं "दार लाव" पत्र शनिवारी सकाळी आलं. तोवर बाबा पुढच्या खोलीत शवपेटीत होते आणि जपमाळेची दुसरी फेरी चालू होती. पोस्टमननं पत्र माझ्या हातात दिलं आणि टोपी काढून आत आला. मी ते संध्याकाळी वाचलं. वेळेवर मिळालं असतं तरी मी दार लावलं असतं का, मला माहीत नाही. हा प्रश्न आता माझा आहे, तुझा नाही.

शुक्रवारी अकराला मी आलो होतो. ते खुर्चीत होते, टीव्ही चालू होता. त्यांना सूप दिलं. म्हणाले, "काही ठरलं का?" मी म्हटलं, "नाही बाबा." हे आमचं शेवटचं बोलणं. एकला येतोय तोच विल्बर्ट शाळेच्या फाटकात दिसला. त्यानं टोपी हातात धरली होती, तेव्हाच कळलं.

हातगाडी नव्हती म्हणून बाबा ओढ्यात उतरले होते. पात्रातले दगड हातानं काढत होते. चौदा दगड काढले होते. ओले होते म्हणून वेगळे ओळखू आले. पंधरावा मांडीवर होता. ढिगाला पाठ टेकून बसले होते, कमरेपर्यंत भिजलेले, क्लाइव्हचे हातमोजे घातलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, थंडीनं. विल्बर्टनं स्वतःचा कोट त्यांच्यावर घातला होता. गेलेल्या माणसाला ऊब लागत नाही हे त्याला कळत नाही असं नाही.

आता क्लाइव्हचं. तू विचारलं नाहीस, पण तू पाहिलंस. आपल्याकडे पेटी सहा-सहांच्या पाळीनं नेतात आणि पुलावरची पाळी घरच्यांची असते, कारण तिथून पलीकडे दफनभूमी सुरू होते. मी नावं पुकारत होतो. क्लाइव्ह नवीन काळा कोट घालून पुढे आला होता, त्यानं काठी तुझ्याजवळ दिली होती. मी त्याच्याकडे पाहिलं आणि "विल्बर्ट" म्हणालो. क्लाइव्ह मागे सरला आणि तुझ्याकडून काठी परत घेतली.

मी चुकून नाही केलं. ज्यानं रस्ता उडवायला पहारा दिला त्यानं नंतर ढिगावर दगड ठेवला. ज्यानं घरबसल्या एका फुलीनं हे सगळं आणलं, त्याच्या खांद्यावर मी माझा बाप देणार नव्हतो. फादरांजवळ हे पाप म्हणून कबूल केलं नाही, कारण मला ते पाप वाटत नाही.

एक कागद सोबत जोडतोय. काल आला, मिसेस ट्रेनरच्या ऑफिसातून, बाबांच्या नावानं. त्या चांगल्या बाई आहेत, कोणीतरी यादीवरून सगळ्यांना पाठवून दिला असणार. लिहिलंय की मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढल्यामुळे विम्याचा प्रश्न तूर्त सुटला आहे, बस सोमवारपासून नेहमीप्रमाणे येईल, श्री. पॅट्रिक ड्रम यांनी नऊ वाजता तयार राहावं.

तुझा,
मॅलकी

---

स्टोक
पवित्र गुरुवार, १८ एप्रिल २०१९

मॅलकी,

हे पत्र मी तीन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

क्लाइव्हनं राहण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. त्याच्या कामगार संघटनेनं सांगितलं होतं म्हणून, आणि त्याला तसंही तेच वाटत होतं. बाहेर पडायचं मत माझं होतं.

जनमताच्या त्या गुरुवारी मी स्वयंपाकघरातून सुटून सरळ केंद्रावर गेले. त्याच आठवड्यात आमच्यातल्या दोघींना कमी केलं होतं आणि त्यांचं काम आम्हा पाचजणींवर टाकलं होतं. मी या गावात आले तेव्हा चिमण्यांतून धूर निघायचा. एकेक भट्टी माझ्या डोळ्यांदेखत विझली. क्लाइव्हची छाती गेली आणि त्याच्या मालकानं त्याला एक घड्याळ दिलं. एकतीस वर्षांत कोणी कधी मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. पेन्सिल दोरीनं फळीला बांधलेली होती. मी "बाहेर"पुढे फुली मारली आणि फार बरं वाटलं, मॅलकी. घरी येताना मी गुणगुणत होते.

मला रस्ता आठवला नाही. हे तुला समजावं म्हणून लिहितेय, माफ करावंस म्हणून नाही. मी थर्मास घेऊन सातही वेळा तिथे उभी होते आणि त्या खोलीत मला तो रस्ता एकदाही आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. तेव्हा ते बरे होते. म्हणाले, "नोरीन, तुमच्या तिकडे हे असलं कोणी केलं?" माझ्या तोंडून निघालं, "क्लाइव्हसारख्यांनी." क्लाइव्ह जिन्यावर उभा होता. त्यानं ऐकलं. मी फोन ठेवला तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. मला तिकडे कोण ओळखतंय." तेव्हापासून त्यानं तुमचे टोमणे, तुमची तोडकी पत्रं, सगळं घेतलं. मी रोज म्हणायचे, उद्या सांगेन.

पुलावर तू विल्बर्टचं नाव घेतलंस तेव्हा मी बोलायला हवं होतं. क्लाइव्हनं माझ्या हातातून काठी घेतली आणि हळूच म्हणाला, "आज नको, नोरीन. म्हाताऱ्याला आधी पलीकडे जाऊ दे."

बोटीवर तो वरच्या मजल्यावर एकटा बसला होता. मी जवळ गेले. म्हणाला, "त्यांनी हातमोजे काढले नव्हते ना?" मी म्हटलं, "नाही."  घरी आल्यापासून तो माझ्याशी चांगलं वागतो. ते मला सहन होत नाही.

ईस्टरला येणार होते. येत नाही.

नोरीन

---

ड्रमकॉन
२७ एप्रिल २०१९

प्रिय क्लाइव्ह,

चौतीस वर्षांत तुमच्या नावानं लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. नोरीननं मला सगळं कळवलं. तिनं कळवल्याचं तुम्हाला तिनं सांगितलं आहे की नाही, माहीत नाही. नसेल तर हे पत्र तिला दाखवा.

ईस्टरच्या आधीच्या कबुलीला मी गेलो होतो आणि तुमचं नाव घेतलं नव्हतं. परवा पुन्हा गेलो. फादरांनी नेहमीच्या प्रार्थना सांगितल्या आणि म्हणाले, "देवाशी झालं. आता त्या माणसाला लिही." म्हणून लिहितोय, पण केवळ त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे.

पुलावरची ती जागा तुमची होती. मी ती तुमच्याकडून घेतली, दीडशे माणसांसमोर. ती परत देता येत नाही. बाप एकदाच पुलावरून जातो. यावर मी बरेच दिवस विचार केला की बदल्यात काय देता येईल, आणि तसं काही नाही. तुम्ही माझ्या वडिलांना हातमोजे दिलेत आणि मी तुम्हाला रस्त्याच्या कडेला उभं केलं, हे तसंच राहणार.

विल्बर्टला हे सांगावं लागलं. तो गोठ्यात होता. ऐकून घेतलं, हातातलं कोकरू खाली ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे तू मला कोणाच्या जागेवर उभं केलंस?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर आहे. त्याला वाटलं होतं, ती जागा त्याला त्याच्यासाठी दिली.

रविवारी, ५ मेला बाबांची महिन्याची मिस्सा आहे. तुम्ही यावं अशी माझी विनंती आहे. बोटीचा प्रवास तुमच्या छातीला जड जात असेल तर येऊ नका, मी समजेन. आलात तर पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसा. हातमोजे मी धुऊन, तेल लावून ठेवले आहेत. ते तुमचे आहेत, पण मागू नका असंही मनात येतं.

नोरीनला मी आज लिहीत नाही. बसलो होतो दोनदा. "प्रिय ताई" लिहिलं की पुढे थर्मास घेऊन उभी असलेली पंधरा वर्षांची मुलगी दिसते, आणि तिला काय म्हणावं ते कळत नाही. तिला सांगा, मी तिच्यावर ओरडणार नाही. पण माफ केलं असं म्हणायलाही तोंड उघडत नाही. यायचं की नाही ते तिनं ठरवावं. दार उघडंच असतं, हे तिला ठाऊक आहे.

काल रस्ते खात्याचा माणूस आला होता. म्हणाला, रस्त्याकडेचे दगड हलवा, गाड्यांना अडचण होते. विल्बर्ट माझ्याशी त्यानंतर पहिल्यांदाच बोलला. विचारलं, ट्रॅक्टर आणू का, बांधावर परत लावून टाकू. मी ढिगाकडे पाहिलं. ते चौदा दगड आता वाळले आहेत, बाकीच्यांतून ओळखू येत नाहीत.

मी म्हटलं, राहू दे. ऑक्टोबरपर्यंत तरी राहू दे. अजून काही ठरलेलं नाही.

आपला,
मॅलकी ड्रम